तांब्याचे दोन टक्के

पत्र आलं तेव्हा धाकटी हातमोजे चढवत होती. एक चढवून झाला, दुसरा तसाच अर्धवट लोंबत राहिला, आणि ती कॉम्प्युटरसमोर उभ्यानेच ते चार ओळींचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. "आपण दिलेली कृती आमच्या प्रयोगशाळेत तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा अपेक्षित पदार्थ जेमतेम दोन टक्के मिळाला. आपल्या लेखात ब्याण्णव टक्के असा उल्लेख आहे. कृपया मार्गदर्शन करावे."

कृपया मार्गदर्शन करावे! सभ्य माणसं कानाखाली वाजवतात ती अशी, हात न उचलता.

धाकटीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. प्रबंधाची तोंडी परीक्षा बारा दिवसांवर होती, आणि प्रबंधाची पाचही प्रकरणं ज्या एका खांबावर उभी होती तो खांब म्हणजे हीच कृती. खांब पोकळ निघाला तर सगळं छप्पर खाली, आणि छपराखाली ती. सहा वर्षं घातली होती तिने. घरी दोन बहिणींतली ती धाकटी, लॅबमध्ये आली तेव्हा तिथेही सगळ्यांत शेवटची, म्हणून घरचं नाव तिच्या मागोमाग लॅबपर्यंत चालत आलं होतं. तिच्यानंतर आणखी चार जण येऊन बसले तरी धाकटी ती धाकटीच राहिली.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर त्या पत्राचं वजन कळायचं नाही. कार्बन आणि फॉस्फरस यांचं जुळवून देणं हे मोठं नाजूक काम. औषधांपासून आगीला न जुमानणाऱ्या कापडापर्यंत कितीतरी ठिकाणी ही जोडी लागते, पण दोघंही आपापल्या घरी सुखी. कुणीतरी मध्यस्थ आल्याशिवाय एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. हा मध्यस्थ बहुतेक वेळा पॅलेडियम असतो. काम चोख, पण सोन्याच्या पंक्तीला बसणारा धातू, त्याचे नखरे कोण पुरवणार? म्हणून धाकटीच्या मॅडमनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता: हेच काम गरीब धातूंकडून करून घ्यायचं. त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीने, जिला सगळे थोरली म्हणत, ते निकेलकडून करून घेतलं. तिच्यामागून आलेल्या दादाने लोखंडाकडून. आणि धाकटीने तांब्याकडून. थोरली आता दुसरीकडे प्राध्यापक होती, दादा एका मोठ्या कंपनीत होता, आणि धाकटीचा लेख ज्या नियतकालिकाने घेतला होता त्याची पद्धत अशी की छापण्याआधी प्रत्येक कृती एखाद्या परक्या लॅबला शिजवून बघायला द्यायची. त्या परक्या लॅबचं हे पत्र.

मॅडमनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हवा शिरली असेल त्यांच्या फ्लास्कमध्ये. अगं, लोकांना आर्गॉन नीट सोडता येत नाही आणि नावं ठेवतात दुसऱ्याला. तू उद्या परत कर. झाले ब्याण्णव की पाठवून दे फोटो."

धाकटीने परत केली. तांब्याच्या आयोडाइडची चिमूटभर पांढरट पूड, जोडायचे दोन्ही पदार्थ, बेस, द्रावक म्हणून टोल्यूइन, हवेऐवजी आर्गॉन, एकशे दहा अंश, सहा तास. एक्क्याण्णव टक्के. तिला इतकं हलकं वाटलं की कॅन्टीनमध्ये तिने अनोळखी माणसाला जागा धरून दिली. मग तिने त्या लॅबला दोन पानी उत्तर लिहिलं, टोल्यूइनमधला पाण्याचा अंश कसा काढायचा इथपासून आर्गॉनची नळी कुठे धरायची इथपर्यंत. चौथ्या दिवशी उलट उत्तर आलं. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी दोन टक्के. आता आमच्यापैकी एक जण आपल्याकडे येऊन, आपल्याच जागेत, स्वतःच्या हातांनी करून पाहील.

झालं! त्या दिवसापासून धाकटीचं खाणंपिणं सुटलं. रात्री डोळा लागला की स्वप्नात रिकामे फ्लास्क फिरायचे. दिवसा तिने आपली वही पहिल्या पानापासून चाळली. तेवीस उदाहरणं, तेवीस आलेख, कुठे आकडा खोडलेला नाही, कुठे पान फाटलेलं नाही. तांब्याशिवाय काय होतं तेही तिने एकदा करून पाहिलं होतं आणि उत्तर शून्य आलं होतं. तो प्रयोग लेखात ठळकपणे दिला होता. चोरी कुठेच नव्हती. तरीही चोरासारखं वाटायचं थांबेना, आणि हे तिला सगळ्यांत जास्त छळत होतं.

तपासनीस आला तो पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा गृहस्थ होता. बरोबर एक निळी पेटी. ती उघडून त्याने कात्रीने पाकिटं फोडली आणि कोरे करकरीत फ्लास्क, कोऱ्या सुया, ढवळायचे कोरे मॅग्नेट टेबलावर ओळीने मांडले.

"मी कुठेही गेलो तरी भांडी माझी माझ्याबरोबर नेतो," तो म्हणाला. "बाटल्या मात्र तुमच्याच घेऊ. तांबं तुमचं, बेस तुमचा, सगळं तुमचं. तुम्ही तुमची भांडी वापरा. दोघांनी शेजारी शेजारी करू."

शेजारी शेजारी केलं. धाकटीने आपला जुना फ्लास्क घेतला आणि त्यात आजोबांना सोडलं.

आजोबा म्हणजे मॅग्नेट. फ्लास्कमधलं मिश्रण सहा तास सारखं ढवळत राहावं लागतं, त्यासाठी तळाशी शेंगदाण्याएवढा, पांढऱ्या टेफ्लॉनचं कवच असलेला मॅग्नेट टाकतात. खालची हॉटप्लेट त्याला फिरवते. लॅबमध्ये असे पन्नास होते, पण नाव एकालाच होतं. मॅडम स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हापासूनचा तो. कवचावर ओरखडेच ओरखडे, दोन्ही टोकं काळवंडलेली. मॅडमनी तो थोरलीला दिला, थोरलीने जाताना दादाला, दादाने धाकटीला, आणि देताना प्रत्येकाने हेच सांगितलं, "म्हाताऱ्याला सांभाळ, त्याचा हातगुण आहे." बाकीच्या मॅग्नेटांना दर आठवड्याला तीव्र आम्लात बुडवून स्वच्छ करत. आजोबांना कधीच नाही. मॅडमचा तसा दंडक होता, जुनं कवच आहे, तडकेल. ॲसिटोनने तोंड धुवायचं आणि कापसावर निजवायचं, बस्स. विज्ञानाच्या माणसांनी असं वागावं का, असं कुणी म्हणेल. पण परीक्षेला ठरावीक पेन नेणारी मुलंच मोठी होऊन वैज्ञानिक होतात. ती काय आभाळातून पडतात? धाकटीच्या वाट्याला लॅबमधली एकच हॉटप्लेट आली होती, त्यामुळे तेवीसच्या तेवीस उदाहरणं तिने एकामागून एक केली होती, आणि प्रत्येक वेळी आजोबाच फिरले होते.

साडेतीन वाजता निकाल लागला. तिचे नव्वद टक्के. तपासनिसाचे दोन.

त्याने दोन्ही आलेख टेबलावर शेजारी ठेवले आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. तेच तांबं, तोच बेस, तीच हवा, दोन प्लेटांमध्ये हातभर अंतर. धाकटीला वाटलं, आता हा माणूस निदान ओरडेल तरी. तो ओरडला नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"उद्या आपण अदलाबदल करू," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या फ्लास्कमध्ये माझे हात, माझ्या फ्लास्कमध्ये तुमचे. आणि एक विनंती आहे, वाईट वाटून घेऊ नका. सुरुवात झाल्यापासून संपेपर्यंत दोघांपैकी एक जण कायम इथे थांबेल, आणि तो एक जण मी असेन. माझी गाडी उद्या पाच वाजताची आहे. निघण्याआधी मला काहीतरी एक लिहून द्यावं लागणार आहे."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! हळूच तयार पदार्थ फ्लास्कमध्ये टाकणारी बाई, असं तो मनात म्हणत होता आणि तोंडाने विनंती करत होता. धाकटीचे कान तापले. ती तडक मॅडमच्या खोलीत गेली आणि डोळे पुसत सगळं सांगितलं.

मॅडमनी तिला पाणी दिलं. "रडू नकोस. तुझा हात बसलेला आहे, त्याचा नाही, एवढंच." मग तिला हसवायला म्हणाल्या, "उद्या तुझ्या आजोबांना पाठव त्याच्याकडे. म्हातारा फिरला की जमेल त्यालाही."

धाकटी हसली. खोलीबाहेर येईपर्यंत हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं.

घर दुकानाच्या वर होतं. बाबा जळक्या मोटरी पुन्हा बांधून द्यायचे. तांब्याची तार, वॉर्निशचा वास, आणि चौकटीत पाय ठेवायला जागा नाही इतका पसारा. "बाप तांबं गुंडाळतो, लेक तांबं शिजवते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बाबांच्या टेबलाच्या काचेखाली धाकटीच्या अजून न छापलेल्या लेखाचं पहिलं पान होतं. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण शीर्षकातला तांब्याचा शब्द कुठला ते त्यांनी विचारून घेतलं होतं आणि गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवायचे. मागच्या भिंतीवर एक खिळा होता, त्यावर एक काळी ठिक्कर जळलेली गुंडाळी. धंद्यात पडल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी उलटी जोडून जाळलेली मोटर. चाळीस वर्षं ती तिथेच होती. "ती माझी पदवी," म्हणायचे.

संध्याकाळी ती पायऱ्या न चढता दुकानातच स्टुलावर बसली. बाबांनी मान वर न करता विचारलं, "पाहुणा काय म्हणतो?"

"माझी चालते, बाबा. त्याची चालत नाही. सगळं सारखं आहे."

"सगळं सारखं कधीच नसतं गं. असं कर, चालणाऱ्या मोटरीतला एक भाग काढ आणि न चालणारीत घाल. एकच. मग बघ. दोन भाग एकदम बदललेस तर जन्मभर कळायचं नाही कोण लबाड ते." ते तार दातांत धरून बोलत होते. "आणि मी काय करतो माहीत आहे? जो भाग आपला लाडका, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा. माणूस त्यालाच तपासायचं टाळतो."

धाकटी स्टुलावरून उठली. बाबांना वाटलं, वर निघाली. ती मात्र तिथेच, तारेच्या रिळाला धरून उभी राहिली.

तिला तो दिवस आठवला होता, तांब्याशिवायच्या प्रयोगाचा. तांबं घातलेला आणि तांबं न घातलेला, दोन्ही एकाच वेळी लावायचे होते. तांबं घातलेला आपल्या प्लेटवर, आजोबांसकट. न घातलेला शेजारच्या प्लेटवर, ड्रॉवरमधला कुठलातरी आम्लात धुतलेला मॅग्नेट टाकून. म्हणजे तिने एक भाग बदलला नव्हता, दोन बदलले होते. आणि दुसरा बदललाय हे तिच्या गावीही नव्हतं, कारण मॅग्नेटला कोणी भाग समजतच नाही.

आजोबांची काळी टोकं. मॅडम विद्यार्थिनी असताना कशावर काम करायच्या? पॅलेडियमवर. साडेचार वर्षं, रोज.

"काय झालं गं?" बाबा म्हणाले. "पांढरी पडलीस."

"काही नाही. भूक लागली," ती म्हणाली, आणि जेवताना ताट तसंच ठेवून उठली.

सकाळी साडेआठला तपासनीस हूडसमोर, धूर ओढून घेणाऱ्या त्या काचेच्या कपाटासमोर, हजर होता. त्याने कागदावर दोन चौकोन आखले होते, कुणाचा फ्लास्क, कुणाचे हात. मॅग्नेटचा रकाना त्यात नव्हताच. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं! धाकटीच्या मनात सगळं आलं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. तिचा फ्लास्क तो वापरणार, तिच्या फ्लास्कबरोबर तिचा मॅग्नेट ओघाने गेलाच असता, त्याच्या हातून नव्वद टक्के झाले असते, कोऱ्या फ्लास्कमधले तिचे दोन टक्के घाबरलेल्या हाताच्या नावावर खपले असते, त्याने सही केली असती, चौथ्या दिवशी परीक्षा, आणि पाचव्या दिवशी तिच्या नावामागे डॉक्टर. पुढे कुणाकडे झालं नाही तर हवा शिरली असेल. लोकांना आर्गॉन नीट सोडता येत नाही. कोणाला कळणार होतं?

आजोबा एक होते. त्यांना दोन ठिकाणी फिरवता येत नव्हतं, आणि पाचच्या गाडीआधी सहा तासांचा एकच प्रयोग बसत होता.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "एक वेगळं करू या का? एका फ्लास्कमध्ये तांबं घालायचंच नाही."

"ते तुम्ही केलेलं आहे. लेखात आहे. शून्य."

"केलंय. पण दुसऱ्या मॅग्नेटने." तिने कापसावरून आजोबांना उचललं आणि तळहातावर धरलं. "तांब्याचे सगळे प्रयोग मी याने केलेत. हा पस्तीस वर्षांचा आहे. आम्लात कधी गेलेला नाही."

तपासनिसाने चष्मा काढला. मॅग्नेट दिव्याजवळ नेऊन त्याने काळी टोकं पाहिली, मग मॅग्नेटकडून तिच्याकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच तो तिच्या डोळ्यांत बघत होता.

"तुम्हाला हे करायचंच आहे?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण करू या."

तिच्या जुन्या फ्लास्कमध्ये त्याचा कोरा मॅग्नेट, त्यात तांबं, आणि भरायचं तिने. त्याच्या कोऱ्या फ्लास्कमध्ये आजोबा, बाकी सगळं, फक्त तांबं नाही, आणि भरायचं त्याने. सव्वानऊला दोन्ही प्लेटा फिरायला लागल्या.

मग सहा तास. ते कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. आजपर्यंत तिने प्रयोग यशस्वी व्हावेत म्हणून देव पाण्यात घातले होते; आज ती एक प्रयोग साफ फसावा म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. फसू दे. काहीच होऊ देऊ नकोस. मूर्ख ठरव मला, वेड लागलंय म्हणू दे सगळ्यांना, पण या फ्लास्कमध्ये काही होऊ देऊ नकोस. तपासनीस समोरच्या स्टुलावर बसून होता. दुपारी त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सफरचंद कापून तिच्यापुढे ठेवलं. तिने खाल्लं नाही, पण ते तिथे होतं हे तिला बरं वाटलं.

अकराच्या सुमारास मॅडम डोकावल्या. कोऱ्या फ्लास्कमध्ये आजोबा गरगरताना दिसले तसा त्यांचा चेहरा खुलला. "पाठवलंस ना म्हाताऱ्याला? काय सांगितलं होतं मी!"

"मॅडम," धाकटी म्हणाली, "त्यात तांबं नाहीये."

मॅडमचा हात हूडच्या काचेवर होता, तो तिथेच राहिला. त्या हुशार बाई होत्या; पुढचं काही सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या. तिघं जण दोन फ्लास्कांकडे बघत बसले. लॅबमधली चार पोरं दारातून बघून परत गेली.

सव्वातीनला तपासनिसाने सुईने थेंब काढला, पातळ पट्टीवर ठिपका दिला, पट्टी द्रावणात उभी केली आणि दिव्याखाली धरली. तांबं नसलेल्या फ्लास्कमधून, जिथे काही दिसायला नको होतं तिथे, एक गच्च, गोल, काळसर ठिपका उमटला होता. तरी त्यांनी दोन्ही नमुने एनएमआरच्या, कुठला अणू कुणाशी जोडलाय ते दाखवणाऱ्या, मशीनला लावले. फॉस्फरसच्या आलेखात न जोडलेला फॉस्फरस सातच्या जवळ दिसतो, कार्बनशी जोडलेला अठराच्या जवळ. तांबं नसलेल्या फ्लास्कच्या आलेखात अठराजवळ एकच उंच सुळका होता. अठ्ठ्याऐंशी टक्के.

धाकटीला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. ती मशीनच्या पायरीवर बसली. सहा वर्षं तिने ज्याचं नाव घेतलं होतं ते तांबं फ्लास्कमध्ये नुसतं पाहुण्यासारखं बसून होतं आणि काम आजोबांच्या ओरखड्यांत अडकलेलं पॅलेडियम करत होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आहे. इथे उलटंच झालं होतं, नाव तांब्याचं आणि हातात भारी धातू.

"थोरलीचं निकेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "दादाचं लोखंड."

ते सगळ्यांच्याच मनात येऊन गेलं होतं. तीन गरीब धातू, तीन प्रबंध, गरीब धातूंची लॅब म्हणून झालेलं नाव, आणि खाली एकच म्हातारा फिरत होता.

"याला आम्लात घालायचं नाही असं कोणी ठरवलं होतं?" मॅडमनी विचारलं. खरंच आठवत नसल्यासारखं विचारलं.

"तुम्ही, मॅडम."

मॅडमनी मान हलवली. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या, आणि धाकटीला त्यांचा राग यायला हवा होता तो येईना. तपासनिसाने घसा साफ केला. त्याला आजोबा हवे होते. त्यांच्याकडे धातूचा कणन् कण मोजणारं यंत्र होतं, मोजून कळवणार होता. तो बोलत असताना दोघीही मॅग्नेटकडे बघत होत्या. एकदा तो या इमारतीबाहेर गेला की गोष्ट या इमारतीत राहणार नव्हती. धाकटीने आजोबांना ॲसिटोनने धुतलं, सवयीने कापसात गुंडाळलं आणि एका छोट्या बाटलीत घालून त्याच्या हातात दिलं.

"तुझी परीक्षा पुढे ढकलावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

"किती?"

"मला माहीत नाही गं." मग त्या उठल्या. "थोरलीला फोन मी करते. दादालाही. तुम्ही कुणी करू नका. ते मलाच करायला हवं."

दार लोटलं गेल्यावर तपासनीस निळी पेटी भरू लागला. भरता भरता तो थांबला आणि त्याने दुसरा आलेख, धाकटीने भरलेल्या फ्लास्कचा, तिच्यापुढे सरकवला. "हा कुणी बघितलाच नाही. कोरा मॅग्नेट आहे, फक्त तांबं आहे. अठराजवळ बघा."

तिने बघितलं. सातजवळ मोठा सुळका होता आणि अठराजवळ, रेघेला काही झालंय की नाही असं वाटावं इतका, एक उंचवटा.

"दोन टक्के," तो म्हणाला. "आमच्याकडेही तेच आले, दर वेळी. आमच्या लॅबमध्ये पॅलेडियम कधी आलेलंच नाही. हे तुमच्या तांब्याने केलंय. थोडं आहे, पण शून्य नाही." त्याने पेटीचं कुलूप लावलं. "काल मी तुमच्याबद्दल जे मनात आणलं, त्याची लाज वाटते मला." आणि तो गाडीसाठी निघून गेला.

धाकटी दुकानात आली तेव्हा बाबा मोटरीला वॉर्निश देत होते. या वेळी ब्रश खाली ठेवून ते उभे राहिले. "लबाड सापडला?"

"सापडला." तिने सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. पदवी आता कधी ते ठाऊक नाही, मिळेल की नाही तेही ठाऊक नाही. थोरलीचं काय होईल ठाऊक नाही. सांगताना कुठेतरी मध्येच तिला ते मघाचं रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. बाबांनी हात पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं, वॉर्निशने चिकट झालेलं. दुसरं काही जवळ नव्हतं.

मग ते टेबलाशी गेले. काच उचलून त्यांनी लेखाचं ते पान अलगद बाहेर काढलं, शीर्षकातल्या त्या एका शब्दावर सवयीने बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आता इथे नको ना?"

"नको, बाबा."

"फाडायचं नाही पण." त्यांनी ते भिंतीवरच्या खिळ्यावर, जळक्या गुंडाळीच्या शेजारी अडकवलं. जरा मागे सरून बघितलं. "बरं दिसतंय. आता काच मात्र ओकीबोकी वाटते."

धाकटीने पर्समधून घडी घातलेला आलेख काढला आणि काचेवर पसरला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा एवढा मोठा सुळका कसला?"

"तो काही नाही. जे जोडलं गेलं नाही ते आहे. इकडे बघा, अठराजवळ."

"इथे तर काहीच नाही गं."

"आहे, बाबा. नीट बघा."

त्यांनी ड्रॉवरमधून बारीक तारेचे टाके तपासायचं भिंग काढलं, एक डोळा मिटला आणि कागदावर वाकले. वरून आई दोघांना जेवायला हाका मारत होती. त्यांनी लक्ष दिलं नाही. बराच वेळ त्यांनी भिंग पुढे-मागे केलं, आणि मग त्यांचा हात स्थिर झाला.

"हो," ते म्हणाले. "आहे की."